चारच्या भोंग्याला पुसलेली खूण

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमच्या अहवालात एक वाक्य आहे. ‘मैदान कर्मचारी शब्बीर याच्या निष्काळजीपणामुळे चेंडूची खूण नष्ट झाली.’ खाली स्पर्धा समितीचे प्रमुख म्हणून तुमची सही आणि शिक्का. खूण शब्बीरच्या चटईखाली गेली हे खरं. पण चटई फिरायच्या आधी मांडवातून उठून कोण आलं, ते का नाही लिहिलंत? पंचाला जागेवर कुणी बसवलं, ते का नाही लिहिलंत? मैदानाभोवती दीडशे माणसं होती. सगळी गप्प राहिली. ठीक आहे. माणसांना साहेबाशी उद्या पुन्हा काम पडतं. मला पडत नाही. मला ना बढती हवी, ना दाखला. म्हणून मी बोलते.

मित्रांनो, मी एक जुनी उंच खुर्ची आहे. टेनिसच्या कोर्टावर जाळीच्या एका टोकाला शिडीसारखी खुर्ची असते, जिच्यावर चढून पंच बसतो, ती मी. रसायनीला पाताळगंगेच्या काठी एका कारखान्याची कॉलनी आहे. तिथल्या क्लबात मी चौतीस वर्षं उभी होते. सध्या मला पंपघराच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलंय. एका बाजूला फुटका पाइप, दुसऱ्या बाजूला गंजलेला पंखा. मी थकले आहे. लाकूडही थकतं, मित्रांनो. तुम्हाला शाळेत हे कुणी शिकवणार नाही, पण थकतं.

मला लोधिवलीच्या अप्पा सुतारांनी घडवलं. कारखान्यात तेव्हा परदेशातून मोठं यंत्र आलं होतं. ते ज्या खोक्यातून आलं, त्याच्या फळ्या गोदामात पडून होत्या. माझे पाय सागाचे आहेत, पण बसायची फळी त्या खोक्याची. तिच्यावर इंग्रजीत ‘ही बाजू वर’ असं छापलेलं होतं. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी तीच बाजू वर ठेवली. पुढे कितीतरी मोठी माणसं त्या सूचनेवर बसून गेली.

क्लबाच्या तेव्हाच्या मॅनेजरला लाकूड वाचवायचं होतं. ते म्हणाले, “अप्पा, पायऱ्या पाच पुरेत की.”

अप्पा कानावरची पेन्सिल काढून म्हणाले, “चढायला पाच पुरतील सायेब. उतरायला सहा लागतात. चढताना मानूस नीट बघतो, उतरताना बघत नाय.”

मला सहा पायऱ्या मिळाल्या.

आमचं कोर्ट तुम्ही टीव्हीवर बघता तसलं निळं नाही. ते मातीचं आहे. खाली मुरूम, वर कर्जतच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवरची फुटकी वीट कुटून केलेली लाल भुकटी. रेषा चुन्याच्या. मातीच्या कोर्टाचा एक मोठा गुण असा, की चेंडू जिथे पडतो तिथे खूण ठेवून जातो. लंबगोल, अंगठ्याच्या ठशासारखी. चेंडू आत पडला की बाहेर, यावर वाद झाला तर भांडायचं नाही. पंचाने खाली उतरायचं, चालत जायचं, वाकायचं आणि खूण बघायची. खूण चुन्याला जरा जरी शिवली असली तरी चेंडू आत. मात्र खूण सापडलीच नाही, तर पंच आधी जे बोलला तेच कायम. आणि खेळाडूने जाळी ओलांडून समोरच्याच्या बाजूला जायचं नाही. गेला तर तोच दोषी.

हे नियम सगळीकडचे. आमच्या क्लबाचा मात्र एक स्वतःचा नियम होता. कोर्टाच्या नळाला पाणी कारखान्याच्या पंपातून यायचं, आणि ते फक्त शिफ्ट बदलताना. चारला भोंगा व्हायचा, पाणी सुटायचं, वीस मिनिटांत जायचं. तेवढ्यात कोर्ट भिजवलं नाही तर संध्याकाळी नुसता लाल धुरळा. म्हणून भोंगा झाला की खेळ थांबणार. मग सामना गल्लीतला असो की राज्याचा. आधी काथ्याची जड चटई ओढून सगळं मैदान सारखं करायचं, मग पाणी मारायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा खेळ. बाहेरून आलेले खेळाडू हसायचे. म्हणायचे, “यांच्याकडे पंचापेक्षा भोंगा मोठा.” आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

ही चटई ओढायचं काम शब्बीरचं. तो कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता दाढी पांढरी झाली. तीस वर्षांत त्याने भोंगा चुकवला नाही. दरवेळी पाण्याकडच्या फाटकातून आत यायचा, पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायचा, मान खाली, पावलं मोजल्यासारखी. कोर्टावर एक सुरकुती राहायची नाही. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा माझ्यासाठी झेंडूचा हार आठवणीने तोच आणायचा. माझे खिळे तो ठोकायचा, मला तेल तो द्यायचा. मला कुणी कधी ‘छान आहेस’ म्हटलं असेल तर ते शब्बीरने. तेही माझ्या पायाला रंग लावताना, स्वतःशीच.

माझ्यावर बरेच पंच बसले. त्यांतले हरेश फोरमन मला सगळ्यांत आवडायचे. कारखान्यातले जाड बूट घालूनच यायचे. गुडघे दुखायचे, तरी कुणी खूण बघा म्हटलं की धडधड उतरायचे. एकदा मांडवातून कुणीतरी ओरडलं, “अहो फोरमन, वरनं दिसतंय की, कशाला उतरताय?” ते म्हणाले, “वरनं सगळंच दिसतं रं बाबा. खरं खोटं खालीच कळतं.”

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पद्मजा नावाची मोठी खेळाडू आमच्या स्पर्धेला दरसाल यायची. सात वर्षं तिने चषक कुणाला दिला नव्हता. त्या वर्षी तिच्यासमोर कर्जतच्या भिसेगावातली पंधरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली, तेजश्री. वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून चौकमार्गे यायची. रॅकेट पोत्याच्या पिशवीत. शेवटच्या सेटमध्ये तिचा एक चेंडू रेषेवर पडला. पद्मजा बाहेर म्हणाली. तेजश्रीच्या डोळ्यांत पाणी. फोरमन उतरले, चालत गेले, वाकले, आणि हात सपाट धरून म्हणाले, “आत.” पद्मजा कुरकुरली नाही. तिने खूण स्वतः बघितली आणि रॅकेटने पुसून टाकली. त्या दिवशी तेजश्री जिंकली.

पुढे ती देशभर खेळली, परदेशी खेळली. तिचं नाव वर्तमानपत्रात येऊ लागलं. कर्जत स्टेशनबाहेर तिचे फलक लागले. पण दर दिवाळीला ती आमच्या कोर्टावर यायची. त्या दिवसांत शब्बीरची लेक इक्रा पंपघराच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची. कुणीतरी टाकून दिलेली रॅकेट, तिच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तेजश्रीने बघितलं आणि विचारलं, “कोण गं तू? भिंतीने काय बिघडवलंय तुझं?”

इक्रा आठ वर्षांची होती. म्हणाली, “भिंत हरत नाय ना, म्हनून.”

तेजश्रीने तिला आपली जुनी रॅकेट दिली. मग दरसाल दिवाळीत आठ-दहा दिवस शिकवायची. इक्राचा बॅकहँड तिच्याच हाताखाली घडला. यंदा इक्रा सतरा वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत तिने सोलापूर, नाशिक, पुणे कुठे कुठे जाऊन नावाजलेल्या मुलींना घाम फोडला. ती एकटी नाही. तिच्या वयाची एक फळीच उभी राहिली आहे. जोरात मारतात, कुणाला भीत नाहीत. जुन्या खेळाडूंची नावं त्यांना पाठ असतात, पण पाय लटपटत नाहीत.

आणि तेजश्री एकतीस वर्षांची झाली. तुमच्या घरात एकतिशीतली ताई तरुण असते, मित्रांनो. टेनिसमध्ये ती म्हातारी. दोनदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्रमवारीत खाली गेली. मोठ्या स्पर्धेत शिरायचं तर तिलाही आता दार ठोठावावं लागत होतं.

यंदा जानेवारीत आमच्या स्पर्धेला ते दार होतं. अंतिम सामना जी जिंकेल तिला व्यावसायिक महिलांच्या मोठ्या स्पर्धेत थेट मुख्य फेरीत प्रवेश. एकच जागा. इक्रासाठी ती पहिली संधी होती, तेजश्रीसाठी बहुतेक शेवटची. आणि अंतिम सामन्यात या दोघीच आल्या.

सकाळी मांडवावर मोठा फलक लागला. तेजश्रीचा फोटो, आणि खाली ‘मुख्य फेरीसाठी हार्दिक शुभेच्छा’. सामना दीडला होता, साहेब. फलक सकाळी नऊला लागला. तुमच्या माणसांनीच लावला.

इक्रा खाली उभी राहून बघत होती. तेजश्री मागून आली. इक्रा म्हणाली, “ताई, तुझा फोटो लई मोठा टाकलाय गं. मला कोपऱ्यात तरी ठेवायचं.”

“नाक बघ माझं,” तेजश्री म्हणाली. “फलकाच्या बाहेर चाललंय. तू हरवलंस तर हे नाक कुठे लपवू?”

दोघी हसल्या. शब्बीर मात्र हसला नाही. त्याला लेकीचा सामना बघवत नसे. कधीच बघायचा नाही. ती खेळत असली की तो पंपघरात नळाच्या चाकाजवळ बसून राहायचा. इक्राची आई जुबेदा सगळ्यांना सांगायची, “बाप पंपाशी गप्पा मारतो आन् मी हितं दोघांच्या वाटची दुवा मागते.”

पंच होता सुनील. खोपोलीच्या बाजूच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. माणूस वाईट नाही. त्याला पंचाची वरची परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी समितीची शिफारस लागते. हे मला माहीत होतं, कारण माझ्यावर बसून फोनवर बायकोला त्याने ते तीनदा सांगितलं होतं.

पहिला सेट तेजश्रीने घेतला. अनुभव म्हणजे काय ते त्या सेटमध्ये दिसलं. इक्रा धावत होती आणि तेजश्री तिला धावायला लावत होती. दुसऱ्या सेटमध्ये इक्राने ऐकणं सोडलं. समोर तेजूताई आहे, हे विसरून मारायला लागली. लोक कुजबुजू लागले. तिसऱ्या सेटमध्ये तेजश्री दोन गुणांच्या मध्ये गुडघ्यावर हात ठेवून उभी राहायची. इक्रा सहा, तेजश्री पाच. सर्व्हिस तेजश्रीची. गुण तीस-चाळीस. म्हणजे हा एक गुण मिळाला की इक्रा जिंकली.

तेजश्रीने सर्व्हिस केली. चार-पाच फटके झाले. मग इक्राने बॅकहँड मारला, रेषेला धरून, सरळ. तेजश्री धावली, पोचली नाही. चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात पडला आणि चुन्याचा पांढरा धूर उडाला. मी बघितला. मी त्या उंचीवर चौतीस वर्षं आहे, चुना कधी उडतो ते मला कळतं. सुनीलच्या डोळ्यांवर ऊन होतं. त्याने प्रामाणिकपणे चूक केली. तो म्हणाला, “आऊट.”

आणि त्याच क्षणी चारचा भोंगा गुरगुरत सुरू झाला. पूर्ण चढायला तो थोडा वेळ घेतो.

इक्रा धावत जाळीपाशी आली. रॅकेटने कोपऱ्याकडे दाखवत ओरडली, “सर, खूण बघा! खूण बघा ना सर!” सुनील उठला. त्याने एक पाय माझ्या वरच्या पायरीवर ठेवला.

साहेब, तेव्हा तुम्ही मांडवातून उठलात आणि माझ्याजवळ आलात. पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण मला ऐकू येईल इतक्या जवळ.

“कुठे निघालास?”

“खूण बघायला, सर. तिने मागितलंय.”

“भोंगा झालाय. ब्रेक झाला. आधी पाणी.”

“एक मिनिट लागेल सर. जाऊन येतो.”

“पाणी गेलं तर तू आणणार आहेस? बस खाली. पंधरा मिनिटांनी बघ काय बघायचं ते.”

पंधरा मिनिटांनी! साहेब, तुम्ही या क्लबात अकरा वर्षं आहात. ब्रेकमध्ये आधी चटई फिरते हे तुम्हाला माहीत नव्हतं? सुनीलला तरी माहीत होतं. त्याने पाय वर घेतला आणि माझ्या फळीवर बसला. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या भाराने वाकले.

फाटकातून शब्बीर आत आला. त्याने सामना बघितला नव्हता. वाद त्याला माहीत नव्हता. त्याने फक्त भोंगा ऐकला होता. मान खाली, खांद्यावर दोरी, मागे चटई. तो नेहमीच्या कोपऱ्याकडे निघाला. त्याच कोपऱ्याकडे.

इक्राला जाळी ओलांडता येत नव्हती. ती जाळीला छाती लावून ओरडली, “अब्बा, नको! अब्बा, थांबा!” एकदा चढला की भोंगा एक मिनिट पूर्ण जोरात वाजतो. त्या एका मिनिटात कॉलनीत कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. तिचं तोंड हलताना मला दिसत होतं, आवाज येत नव्हता. बापाला तर तोंडही दिसत नव्हतं.

तेजश्री खुणेजवळच होती. तिने खाली बघितलं. मग ती वळली आणि टॉवेल घ्यायला बाकाकडे चालू लागली.

भोंगा थांबला तेव्हा कोपरा गुळगुळीत झाला होता. शब्बीरने मान वर केली आणि जाळीला धरून उभी असलेली लेक बघितली. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागे चटईकडे. दोरी त्याच्या खांद्यावरून गळून पडली.

खूण नाही म्हणून ‘आऊट’ कायम. चाळीस-चाळीस. ब्रेकनंतर इक्रा कोर्टावर आली, पण खेळायला आली नाही. सहा-सहा बरोबरी झाली आणि टायब्रेकमध्ये ती हरली. तुम्ही तेजश्रीला चषक दिलात. फलक आधीच लागलेला होता, तो काढायचाही त्रास झाला नाही.

माणसं गेल्यावर शब्बीर चटईवर बसला होता. इक्रा त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“अब्बा, उठा. चला घरी.”

“तुझी खूण मी पुसली गं.”

“तुमी चटई बरोबरच फिरवली. रोज फिरवता तशीच.”

“बरोबर फिरवली म्हनूनच तर गेली ना,” तो म्हणाला. “एक दिवस कामचुकारपना केला असता तर तू जिंकली असतीस.”

तीस वर्षं ज्या माणसाने काम चुकवलं नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य आलं, मित्रांनो. मी जागची हलू शकत नाही, याचं मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. शब्बीरला कोर्टावरून काढून फाटकाजवळची हिरवळ कापायला लावलं. सुनीलने अहवालावर सही केली. मलाही हलवलं. देणगीदारांनी अॅल्युमिनियमची नवी खुर्ची दिली आहे म्हणे, तिच्यावर जाहिरात लावता येते. दोन माणसांनी मला पंपघराच्या मागे आणून टेकवलं. जाताना एक दुसऱ्याला म्हणाला, “फळी चांगली हाय रं, बंबात जळेल.”

शब्बीर दुपारचा डबा खायला माझ्याकडे येतो. माझ्या खालच्या पायरीवर बसतो. गेल्या शनिवारी तो असाच बसला असताना तेजश्री आली. पायात पट्टा, हातात वही. ती समोरच्या दगडावर बसली.

मग म्हणाली, “चाचा, चेंडू आत होता.”

शब्बीरने घास खाली ठेवला. “तू बघितलास?”

“अर्धी खूण चुन्यावर होती.”

“मंग बोलली का नायस गं?”

“भोंगा चालू होता.” तिने वही मांडीवर ठेवली. “नाही, खोटं नाही बोलत. भोंगा थांबल्यावरही बोलले नाही. गुडघा ठणकत होता. वाटलं, पंच बघतील. मग वाटलं, नाही बघितलं तर नाही. एवढी एकच स्पर्धा. शेवटची. पद्मजाताईंनी माझ्या वेळी खूण स्वतः जाऊन बघितली होती चाचा. मला तेवढंही जमलं नाही.”

शब्बीर तिच्यावर ओरडेल असं मला वाटलं. त्याने डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे केली. म्हणाला, “खा. तोंड वाळलंय तुझं.”

तेवढ्यात इक्रा आली. बापाचा डबा न्यायला आली होती. तेजश्रीने तिला तेच सांगितलं, आणि वहीतलं पान पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं, की अंतिम सामन्यात निर्णायक चेंडू आत पडला होता, मी तो बघितला होता, म्हणून मी हरले आहे, मुख्य फेरीची जागा इक्राची आहे.

इक्राने वाचलं आणि पान परत केलं. “ताई, मला दया नको तुझी.”

“दया कसली? गुण आहे तो तुझा. दुसऱ्याचा चेंडू खिशात घालून फिरतेय मी आठ दिवस.”

“आन् तू काय करशील? तुझी शेवटची आहे ना?”

“गुडघ्याला शेक देईन,” तेजश्री म्हणाली. “सही कर आधी. खाली लिही, मला मान्य आहे.”

इक्रा तरी तयार होईना. तेव्हा शब्बीर म्हणाला, “कर गं. भिंतीशी खेळत व्हतीस तवा कुनी द्यायला आलं नव्हतं. आता देतायत तर नको म्हनू नकोस.”

इक्राने सही केली. शब्बीरने लिहिलं, ‘चटई मी फिरवली. वाद मला माहीत नव्हता.’ पान मग सुनीलकडे गेलं. त्याने पहिल्या दिवशी नाही म्हटलं. परीक्षा आहे, शिफारस आहे, मला यात ओढू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर तो स्वतःच इथे आला. माझ्या पायरीवर पान ठेवून एकच ओळ लिहिली. ‘मी उतरायला हवं होतं, उतरलो नाही.’ सही केली आणि मोटारसायकल सुरू केली.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी शिकवण द्यायची पद्धत आहे. मला फार मोठी देता येणार नाही, मी थकले आहे. एवढंच सांगते. मातीवरची खूण फार वेळ टिकत नाही. कुणी ‘बघा’ म्हटलं तर लगेच उठून बघा. नंतर बघू म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा बघायचंच नसतं. आणि जुन्या खेळाडूंना नवे हरवणार, हे ठरलेलं आहे. त्यात लाज नाही. लाज आहे ती, हरवू न देण्यात.

आता तुमच्याशी, साहेब.

ते पान मंगळवारी तुमच्या टेबलावर पोचलं. इक्राने स्वतः दिलं आणि पोच घेतली. बुधवारी तिने विचारलं तर उत्तर मिळालं, ‘विचाराधीन.’ आज गुरुवार. मुख्य फेरीची यादी उद्या संध्याकाळी पाचला पाठवायची आहे. म्हणजे तुम्हाला फक्त उद्या पाच वाजेपर्यंत विचार करायचा आहे, नंतर करायची गरजच उरणार नाही. हे आम्हाला कळत नाही असं समजू नका.

तुम्हाला त्या दिवशी पाण्याची काळजी होती की फलकाची, हे मी सांगू शकत नाही. तुमच्या मनात शिरायला मला जागा नाही. पण जी जिंकली ती म्हणते, मी हरले. जी हरली ती म्हणते, मी जिंकले. पंच म्हणतो, मी चुकलो. ज्याच्या माथी तुम्ही दोष मारलात, त्याने चटई आपण फिरवल्याचं कबूल केलं. चारही माणसांचं एकमत आहे. या सामन्याबद्दल जगात आता एकाच माणसाचं मत वेगळं आहे, आणि तो कोर्टावर खेळत नव्हता.

मग साहेब, उद्या पाचला जी यादी जाणार आहे, तिच्यात कुणाचं नाव लिहिलंय तुम्ही?

विचाराधीन नको. नाव सांगा.